तुम्हाला काय वाटतं?

२७ जून

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे परत पाठवणार, हे धरूनच लिहायला बसलोय. मागची सगळी पत्रं तशीच परत आली, फोन तर तू उचलतच नाहीस. पोस्टमन आता पाकीट हातात देताना माझ्याकडे बघतही नाही, त्यालाच लाज वाटते. तरी लिहितोय, कारण आज तुझी ठमी माझ्यासमोर येऊन बसली होती आणि हे सांगायला मला दुसरं माणूस नाही.

घाबरू नकोस. तिला काही कळलेलं नाही.

मी विद्यापीठाच्या वेबसाइट विभागात काम करतो, हे तुला मावशीकडून कळलं असेल. काम काय ते सांगितलं की लोक हसतात. नव्याने येणाऱ्या मुलांना आमची वेबसाइट वापरता येते की नाही, हे मी बघतो. म्हणजे खरोखरच बघतो. मुलाला कॉम्प्युटरसमोर बसवायचं, एखादं काम द्यायचं, ‘वसतिगृहाचा अर्ज शोधा’, ‘पहिल्या दिवशी कुठल्या खोलीत जायचं ते शोधा’, आणि आपण मागे खुर्ची टाकून बसायचं. तो कुठे अडतो, कुठे वैतागतो, कुठे उगाच मान डोलावतो, ते टिपून घ्यायचं. मदत करायची नाही. पोर रडकुंडीला आलं तरी बोट दाखवायचं नाही. त्याने विचारलं, ‘हे बरोबर आहे का?’ तर आपण उलट विचारायचं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ कारण घरी तो एकटाच असणार, तिथे त्याला सांगायला मी नसणार.

आमची वेबसाइट कशी आहे सांगू? घरात एक खण असतो ना, ज्यात किल्ल्या, सुतळी, टॉर्च आणि जुन्या गोळ्यांची पाकिटं सगळं कोंबलेलं असतं, तशी. त्यात ‘विद्यार्थी कोपरा’ नावाचा एक भाग आहे. तिथे कुलगुरूंचं मनोगत आहे आणि उद्यानाचे फोटो आहेत. विद्यार्थ्याच्या कामाचं जे काही आहे ते ‘इतर’मध्ये.

सगळ्यात वाईट पान म्हणजे ‘जागा निश्चित करा’. निवड झालेल्या मुलाने तिथे जाऊन ‘हो, मी येणार’ असं कळवायचं असतं. बटण दाबलं की हे पान चुपचाप पहिल्या पानावर नेऊन सोडतं. झालं की नाही झालं, काही सांगत नाही. मी महिनोन्महिने त्याच्या मागे लागून नवीन पान तयार केलं. त्यात बटण दाबलं की मोठी हिरवी खूण येते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘अभिनंदन, तुमची जागा निश्चित झाली आहे.’ हे पान अजून खऱ्या वेबसाइटवर चढलेलं नाही, आमच्या चाचणीच्या प्रतीवर आहे. ती प्रत दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी. आधी तिच्यावर पिवळी पट्टी असायची, ‘ही चाचणी आहे’ म्हणून. पट्टी बघितली की मुलं काम मनावर घेत नाहीत, असं आमच्या मॅडमचं म्हणणं पडलं आणि ती काढली.

तर आज नव्या मुलांचा परिचय दिवस होता. आम्ही जिन्याखाली टेबल टाकून बसलो होतो. येणाऱ्या मुलाला कॉफीचं कूपन द्यायचं, एक कार्ड द्यायचं, त्या कार्डावरचं खोटं नाव आणि खोटा अर्ज क्रमांक घेऊन त्याने जागा निश्चित करून दाखवायची. एक मुलगी मैत्रिणींबरोबर आली आणि बसली. कार्ड तिने बाजूला ठेवलं. टाइप करायला लागली तशी जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. सुईत दोरा ओवताना तुझं येतं, तसंच. मी म्हटलं, असतात अशा सवयी पुष्कळांना. मग ‘आईचं नाव’ या रकान्यात तिने तुझं नाव लिहिलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी स्क्रीनकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत बसलो. माझं बोट धरून जिना चढणारी ठमी, तिच्या मनगटावर आता केवढं ते घड्याळ. शेवटी हिरवी खूण आली आणि ती मागे वळली.

‘झालं ना हो हे?’

सवयीने वेळ मारून नेली. ‘तुम्हाला काय वाटतं?’

‘झालं असं वाटतंय.’ ती हसली. ‘बरं झालं बाई. घरी करून बघितलं तर काही कळतच नव्हतं.’ मोबाइलवर तिने त्या हिरव्या खुणेचा फोटो काढला. ‘आईला पाठवते,’ म्हणाली, आणि कूपन घेऊन गेली.

मी मामा आहे, असं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती तुला बोलली असती, आणि तू तिला इथून काढून कुठेतरी लांब घातलं असतंस. तसं करू नकोस, एवढंच म्हणायला हे पत्र. विद्यापीठ चांगलं आहे. माझी इमारत वेगळी आहे. मी तिच्या वाटेत येणार नाही.

भावजींना यातलं काही सांगितलेलं नाही. ठमीला कडेवर घेऊन तू ज्या घरातून बाहेर पडलीस तिथे मी अजून रविवारी जातो, त्यांची दाढी करून देतो आणि परत येतो. यावरून तू मला तोडलंस. त्याबद्दल मी माफी मागणार नाही, त्यांचा उजवा हात उठत नाही आणि दुसरं कुणी फिरकत नाही. त्यांनी तुझ्याशी जे केलं ते मी विसरलोय, असं मात्र समजू नकोस.

तुझा भाऊ

१ जुलै

ताई,

पाकिटावर लाल पेनाने लिहिलंय, ‘मुलीच्या प्रवेशाबद्दल, तातडीचं’. माझ्यावरचा राग बाजूला ठेव, नंतर परत उचल. पण हे वाच.

ठमीची जागा निश्चित झालेली नाही.

आज मी त्या दिवशीची चित्रणं परत बघत होतो. आमच्याकडे सगळं चित्रित होतं, चेहरा नाही, फक्त स्क्रीन आणि आवाज. तिचं आलं तेव्हा मी या वेळी स्क्रीनकडे बघितलं. तिने कार्डावरचा खोटा क्रमांक टाकलेलाच नाही. स्वतःचा खरा क्रमांक टाकलाय. ती चाचणी देत नव्हती ताई, ती तिचं काम उरकत होती. घरी जे जमलं नाही ते तिने विद्यापीठात, विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर, विद्यापीठाच्या माणसासमोर बसून केलं. मग ते खोटं कसं असेल? तिला दुसरं काय वाटणार होतं? आणि तिने मला विचारलंसुद्धा. मी काय उत्तर दिलं ते तुला आधीच्या पत्रात लिहिलंय. ते तू वाचलेलं नाहीस.

आमच्या प्रतीवर काहीही टाकलं तरी हिरवी खूण येते. टाकलेली माहिती कुठेच पोचत नाही. संध्याकाळी सगळं पुसून टाकतात.

मी धावत प्रवेश विभागात गेलो. तिथले कारकून माझ्या ओळखीचे आहेत, माणूस चांगला आहे. त्यांनी तिचं नाव काढून बघितलं आणि मान हलवली. मी म्हटलं, ‘तुम्ही इथून करून टाका ना.’

‘असं कसं करू? तिच्या मोबाइलवर कोड जातो. तो तिनेच टाकायचा.’

‘मग तिला कळवा.’

‘अहो, मेसेजवर मेसेज गेलेत. सगळ्यांना जातात. झालेल्यांना पण जातात, बंदच होत नाहीत ते.’

शेवटी माझ्याकडे बघून त्यांनी फोन लावला. कोड जातो तो ठमीचा नंबर त्यांना दिसत नाही, संपर्कासाठी अर्जावर नंबर तुझा आहे. ते म्हणाले, ‘विद्यापीठातून बोलतोय, तुमच्या मुलीचं निश्चितीचं राहिलंय, तिच्या मोबाइलवर कोड येईल तो...’ एवढं बोलेपर्यंत तू त्यांना झापलंस. आमच्या वेबसाइटवरच लिहिलंय, विद्यापीठ कधीही फोन करून कोड मागत नाही, असे फोन आले तर सावध राहा. ते वाक्य ठळक करा म्हणून मीच आग्रह धरला होता. तुझा आवाज फोनमधून मलाही ऐकू आला. फार दिवसांनी ऐकला. तू बरोबरच बोलत होतीस.

तिला सांग, खऱ्या वेबसाइटवर जाऊन स्थिती बघ. पण मी हे लिहितोय आणि मला माहीत आहे की तिथे ‘कार्यवाही सुरू’ असं दिसेल. केलेल्याला तेच दिसतं, न केलेल्याला तेच दिसतं. याच्यावर मी दोन वर्षं लिहून देतोय आणि लोक ‘हो हो, बघू’ म्हणतायत. तेव्हा स्थिती बघू नका. सरळ बटण परत दाबा. परत दाबल्याने काही बिघडत नाही. आठ तारखेच्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे.

तुझा भाऊ

५ जुलै

ताई,

तुझ्या गावच्या बसस्टँडवर बसून लिहितोय. परतीची गाडी यायची आहे.

तुझ्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या. आधी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग म्हणाल्या, ‘तुम्ही त्यांचे भाऊ ना? नाक तेच आहे.’ तू ठमीला घेऊन तिच्या खरेदीसाठी गेली आहेस आणि तिकडूनच मैत्रिणीकडे राहणार आहेस, असं कळलं. माझं लाल अक्षरांचं पाकीट त्यांच्याकडेच होतं. तू त्यांना सांगून ठेवलंयस म्हणे, या अक्षरातलं आलं तर परत पाठवा.

मी त्यांना सगळं सांगितलं. उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं, त्यांनी आत बोलावलं तरी गेलो नाही, तुला आवडलं नसतं. बाई शहाण्या आहेत. लगेच तुला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. तू काय म्हणालीस ते तुला ठाऊक आहे, पण मला लिहून काढल्याशिवाय राहवत नाही.

बाई म्हणाल्या, ‘अहो, तुमचे भाऊ आलेत. मुलीच्या प्रवेशाचं काहीतरी राहिलंय म्हणतात.’

तू म्हणालीस, ‘प्रवेश झालाय. तिने स्वतः तिथे बसून केलंय. फोटो आहे माझ्याकडे.’

‘ते म्हणतायत, तो फोटो खरा नाही.’

‘त्याला म्हणावं, आता माझ्या मुलीच्या मागे लागू नकोस.’ आणि फोन ठेवलास.

बाईंना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, पाणी तरी घ्या. पाणी घेतलं आणि निघालो.

ते पान मी तयार केलं, ताई. हिरव्या रंगाची छटा कुठली असावी यावर मी मॅडमशी तासभर वाद घातलाय. कुणालाही शंका येता कामा नये, इतकं ते स्पष्ट असावं, असं माझं म्हणणं होतं. तुला शंका आली नाही. माझ्यापेक्षा त्या पानावर तुझा जास्त विश्वास बसला, यात तुझी चूक काढायला मला तोंड नाही.

दाराखालून एक चिठ्ठी सरकवली आहे. तू आठ तारखेच्या आत परत येणार नाहीस हे कळूनही सरकवली. मैत्रिणीचा पत्ता शेजारच्या बाईंना माहीत नव्हता. मावशीला विचारला, तर ती म्हणाली, मला तुमच्या भांडणात ओढू नका रे बाबांनो.

तुझा भाऊ

८ जुलै

ताई,

बंद झालं. संध्याकाळी ते बटण करडं झालं आणि खाली ओळ आली, ‘मुदत संपली आहे.’ मी माझ्या टेबलावरून बघत होतो. आमच्या वेबसाइटवर तेवढी एकच गोष्ट वेळेवर होते.

दिवसभर काय करत होतो ते विचारू नकोस. मॅडमकडे गेलो होतो. त्या दिवशी चाचणीला बसलेल्या सगळ्या मुलांना कळवू या म्हटलं, तर मुलांचे नंबर आपण घेतच नाही, त्यांची माहिती जपायची म्हणून. हा नियम चांगला आहे, मीच तो नवीन लोकांना समजावून सांगतो. मॅडम हळहळल्या. म्हणाल्या, ‘पट्टी ठेवायला हवी होती.’ पट्टी आज परत लावली. पिवळीधमक, लांबून दिसते.

कारकुनांनी सांगितलं, उद्या सकाळी रिकाम्या जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलांना जातील. कुणातरी घरी उद्या आनंद होणार.

खोटं कशाला सांगू, भावजींना मी सांगितलं होतं. लगेचच्या रविवारी, पहिलं पत्र पोस्टात पडायच्या आत. दाढीला फेस लावलेला होता आणि माझ्याच्याने राहवलं नाही. त्यांना बोलायला त्रास होतो. पुष्कळ वेळ लावून म्हणाले, ‘जीभ... बाहेर काढते?’ मी हो म्हटलं. ‘आईवर गेली,’ म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. तेव्हापासून ते विचारतायत, पोरगी कधी येणार राहायला. मी सांगितलं, येईल लवकरच. त्यांना काय सांगू दुसरं?

हे पत्र टाकत नाही. टाकून काय होणार आहे.

२१ जुलै

ताई,

ठमी माझ्या खोलीत बसली आहे, टेबलाच्या पलीकडे. हे पत्र तीच तुला खाली आणून देईल. या वेळी पोस्टमन नाही, म्हणून परत पाठवायचं झालं तर तिच्याच हातून पाठवावं लागेल. त्याआधी वाच, फार मोठं नाही.

सकाळी वसतिगृहात तुम्हाला काय ऐकावं लागलं ते तिने सांगितलं. यादीत नाव नाही. प्रवेश विभागात तिने फोटो दाखवला, तर तिथल्या नवीन माणसाने विचारलं, ‘कुणी फसवलं का तुम्हाला? हे पान आमचं नाहीच.’ तेव्हा तिला जिन्याखालचं टेबल आठवलं. विचारत विचारत ती इथवर आली. दारात उभी राहून म्हणाली, ‘काका, तुम्हीच होतात ना तेव्हा? सांगा ना त्यांना. मी केलं होतं. तुमच्यासमोर केलं होतं.’

मी म्हटलं, ‘हो. माझ्यासमोर केलंस.’

‘मग आता काय करायचं?’

ताई, इतकी वर्षं मला मुलांना उत्तर द्यायची मनाई होती. आज मनाई नव्हती. मी तिला पाणी दिलं.

जेवढं आहे तेवढं सांगतो. तक्रार समितीची बैठक आज दुपारी आहे. नंतरची पुढच्या महिन्यात, तोवर वर्ग सुरू होऊन जातील. अर्ज केला तर समिती ऐकून घेते. जागा देईलच असं नाही. कारकून म्हणाले, ‘जागाच उरलेली नाही, देणार कुठून?’ तरी ते अर्ज घ्यायला तयार आहेत. तिने प्रामाणिकपणे केलं आणि घोळ आमच्या बाजूने झाला, याचा पुरावा म्हणजे ते चित्रण. ते दाखवायला मॅडमनी हो म्हटलंय. त्याच्याबरोबर मी लिहून सही करायची आहे की ती बसली होती, तिने मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं नाही. याचं माझ्या नोकरीवर काय होईल ते होईल, त्याची काळजी तू करू नकोस. करणारही नाहीस म्हणा.

अडचण अशी आहे. अर्जात विचारलंय, साक्ष देणाऱ्या कर्मचाऱ्याचं विद्यार्थ्याशी नातं आहे का. लपवलं आणि पुढे उघड झालं तर तिचं सगळंच रद्द होईल. म्हणून मी लिहिलंय. मामा, असं लिहिलंय. ते वाचून समिती म्हणेल, मामाच आहे, तो तसं सांगणारच. आणि त्याच्याखाली पालकाची सही लागते, वरचा मजकूर खरा आहे म्हणून. म्हणजे तुला तिथे सही करावी लागेल. माझ्या नावाखाली, त्या शब्दाखाली.

मी ते लिहिताना ठमी बघत होती. आधी तिने अर्जाकडे बघितलं, मग माझ्याकडे, पुष्कळ वेळ. म्हणाली, ‘म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?’ मी म्हटलं, तू कोण ते माहीत होतं, तू काय करतेयस ते माहीत नव्हतं. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. तिचा राग तुझ्यासारखाच दिसतो.

तू खिडकीतून दिसतेस. सायकलस्टँडच्या बाकावर, निळ्या सुटकेसला हात लावून. सुटकेस नवी आहे. केस किती पिकले ग तुझे. मी खाली आलो असतो, पण तू उठून चालायला लागलीस तर तिचं काय करायचं, म्हणून नाही आलो.

समोरच्या इमारतीत ये. जिना चढून दुसरा मजला, डावीकडचं पहिलं दार. दारावर पाटी नाही, पण दार उघडं असेल. पेन इथे आहे. माझ्याशी बोलायची गरज नाही, मी बाहेर जाऊन उभा राहतो. भावजींकडे जाणं सोडेन असं वचन देत नाही, देऊन ते पाळता येणार नाही. एवढी एक सही कर.

ठमी विचारतेय, ‘आई वाचेल का हे?’

सवयीने माझ्या तोंडून गेलं, ‘तुला काय वाटतं?’

ती म्हणाली, ‘मागच्या वेळी पण तुम्ही हेच विचारलंत. तेव्हा मला वाटलं होतं, झालं.’

पत्र तिच्या हातात देतोय.

ठमीचा मामा